पेटीवर 'रेझिन' छापलंय आणि आत ताजी द्राक्षं, मग ग्रेप शब्दाचा मूळ अर्थ नक्की काय?

पॅकहाऊसवाली_निफाड:

नमस्कार मंडळी. मी पिंपळगाव बसवंतजवळ एका पॅकहाऊसमध्ये लेबलिंगला आहे, सीझन फुल चालू आहे त्यामुळे रात्री दहा-अकराशिवाय घरी जाणं नाही. परवा युरोपला जाणारा माल होता, थॉमसनचा, अर्ध्या किलोचे १० पनेट (छोटे डबे) एका पेटीत, आणि पेटीवरच्या लेबलवर चार-पाच भाषांत मालाचं नाव होतं. इंग्रजीत टेबल ग्रेप्स, त्याच्या खाली रेझिन्स डी टेबल, त्याच्या खाली टाफेल काहीतरी, आणि शेवटी उवास डी मेसा. मला त्या रेझिनवर धस्सच झालं. रेझिन म्हणजे तर बेदाणा ना? ताजा माल पाठवतोय आणि लेबलवर बेदाणा लिहिलंय म्हणजे तिकडे पोचल्यावर कंटेनर अडवतील का काय, असं मनात आलं आणि मी लाईन थांबवून सुपरवायझरना बोलावलं. ते म्हणाले दरवर्षी असंच असतं, तिकडच्या भाषेत तसंच म्हणतात, चालू द्या. माल गेला पण मला काही चैन पडेना.

घरी मुलीला सांगितलं, ती सातवीत आहे, तर तिनं उलटाच प्रश्न टाकला की मम्मी मग ग्रेपचा अर्थ तरी द्राक्ष आहे का नक्की? कारण ग्रेपफ्रूट म्हणजे तर पपनसासारखं काहीतरी असतं, त्याचा द्राक्षाशी काय संबंध? मला उत्तर देता आलं नाही. रोज हजार वेळा हा शब्द हाताखालून जातो आणि तो कुठून आला तेच माहीत नाही, हे मला लागलं. कोणाला माहीत असेल तर जरा समजावून सांगा, मी तिलाही वाचून दाखवणार आहे.

कॉलेजरोड_फ्रेंच:

ताई, लेबल एकदम बरोबर आहे, निर्धास्त रहा. मी कॉलेज रोडला फ्रेंच शिकवते, आणि दर बॅचला हा घोळ होतोच. फ्रेंचमध्ये ताज्या द्राक्षालाच रेझँ म्हणतात, स्पेलिंग तेच रेझिनचं, उच्चार वेगळा. वाळवलेलं असेल तर रेझँ सेक, सेक म्हणजे सुकं. आणि घडाला म्हणतात ग्राप. म्हणजे 'ग्राप द रेझँ' म्हणजे द्राक्षाचा घड.

आता गंमत बघा, १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे दोन-तीनशे वर्षं तिथल्या दरबारात, कचेरीत, मोठ्या घरांच्या स्वयंपाकात फ्रेंच चाललं, त्यात हे दोन्ही शब्द इंग्रजीत आले, पण दोघांचीही जागा सरकली. ग्राप म्हणजे घड होता तो इंग्रजीत फळ झाला, ग्रेप. आणि रेझँ म्हणजे फळ होतं ते वाळलेलं फळ झालं, रेझिन. मला तरी याचं कारण व्यापारात दिसतं, इंग्लंड थंड देश, भूमध्य समुद्राकडून जहाजानं तिथं टिकून पोचायचं ते वाळवलेलंच, मग त्या शब्दाला तोच अर्थ चिकटला. हे एकट्या द्राक्षाचं नाही हं, प्रून पण असंच. फ्रेंचमध्ये प्रून म्हणजे ताजं आलुबुखार आणि इंग्रजीत प्रून म्हणजे वाळवलेलं. (तुमच्या बागेतलं प्रूनिंग मात्र वेगळा शब्द आहे, मुलीनं विचारलं तर म्हणून आधीच सांगते.)

आणि त्याआधी इंग्रजांकडे स्वतःचा शब्द होता बरं का, जुन्या इंग्रजीत वीनबेरिये, म्हणजे वाईनची बेरी. साधा सरळ शब्द. जर्मनमध्ये सुट्या मण्याला अजून वाईनबेरे म्हणतात. तुमच्या लेबलवरचं ते टाफेल काहीतरी म्हणजे टाफेलट्राउबेन असणार, ट्राउबे म्हणजे पण मुळात घडच. म्हणजे घडाच्या नावानं फळ ओळखणं हे फक्त इंग्रजांनी केलेलं नाही.

सिडको_वाचक:

मस्त धागा. पण मग ग्राप म्हणजे घड का? तो शब्द कुठून आला? ग्रॅब करणे मधला ग्रॅब आणि हा एकच का, कारण घड हातात पकडूनच तोडतात ना.

कॉलेजरोड_फ्रेंच:

ग्रॅब नाही, तो वेगळ्या मुळाचा आहे, दिसतो फक्त सारखा. ग्रापच्या मागे जुन्या फ्रेंचमधलं ग्रापे हे क्रियापद आहे, आकड्यानं ओढून घेणे, द्राक्षं खुडणे. आणि त्याच्याही मागे जर्मॅनिक भाषांमधला क्राप्पो असा शब्द धरतात, म्हणजे आकडा, हूक. शब्दकोशवाले तिथपर्यंत नेतात. म्हणजे क्रम असा झाला की आधी आकडा, मग आकड्यानं काढायचं काम, मग त्या कामात हाताशी येतो तो घड, आणि सगळ्यात शेवटी फळ. इंग्रजीत फळ म्हणून तेराव्या शतकाच्या मध्याला सापडतो.

त्याच आकड्याच्या घराण्यातले ग्रॅपल आणि ग्रॅपनेल. ग्रॅपनेल म्हणजे दोरीला बांधून टाकायचा चार-पाच नख्यांचा गळ. आमच्या आजोळी आडात बादली पडली की दोरीला गळ बांधून सोडायचे आणि आम्ही पोरं काठावर पालथे पडून बघायचो लागली का लागली का, तो गळ म्हणजे ग्रॅपनेलच. इटलीत द्राक्षाच्या चोथ्यापासून जी दारू काढतात ती ग्राप्पा, ते पण इथलंच नातं.

बागवाला_दिंडोरी:

ताई माफ करा पण हे आकड्याचं मला पटत नाहीये. माझी दिंडोरी तालुक्यात साडेतीन एकर बाग आहे, वडिलांपासून द्राक्षच करतोय. आकडी आम्ही शेवग्याच्या शेंगा काढायला वापरतो, चिंचेला वापरतो. द्राक्षाच्या घडाला आकडी घालून ओढलं तर मणी गळतील, देठ तुटेल, वरची लव सगळी पुसली जाईल आणि तो माल एक्सपोर्ट सोडा, लोकलला पण कोणी घेणार नाही. घड खालून तळहातावर अलगद धरायचा आणि कात्रीनं देठ कापायचा, मणी हाताला लागला पण नाही पाहिजे. ज्यानं शब्द बनवला त्यानं द्राक्षं खुडली तरी होती का असं वाटतं.

कॉलेजरोड_फ्रेंच:

भाऊ, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे आणि मी नीट सांगितलं नाही. हूक म्हणजे इथे काठीला लावलेली आकडीच डोळ्यासमोर आणायची गरज नाही. तिकडे द्राक्षाच्या कामाला जुन्या काळापासून वाकड्या पात्याची सुरी असायची, आपल्या विळ्यासारखी पण छोटी, मुठीत मावणारी. देठ त्या बाकात धरायचा आणि ओढला की कापला जातो. इंग्रजीत अशा वाकड्या हत्यारालाही हूकच म्हणतात. म्हणजे आकडीपेक्षा विळा म्हणा. शिवाय तो माल वाईनसाठीचा होता, तुडवायचाच होता, तुमच्यासारखी एकेका मण्याची काळजी तिथे कोणी घेत नसणार.

बागवाला_दिंडोरी:

हां विळा म्हटलं की मग जमतंय. पूर्वी आमच्याकडे पण चाकूनंच माल काढायचे असं वडील सांगतात, कात्र्या नंतर आल्या.

आता तुम्ही आकडा आकडा म्हणताय तर एक गोष्ट सांगतो, शब्दाचा अभ्यास मला नाही पण वेलीचा आहे. वेलीला जे तणावे असतात ना, तारेला गुंडाळी मारून धरणारे, त्याला आम्ही बाळी म्हणतो, कानातल्या बाळीसारखी गोल फिरते म्हणून. आणि द्राक्षवाल्याची सगळ्यात मोठी भीती काय असते माहितीये का, घडाची बाळी होणे. म्हणजे असं की आपण दोन छाटण्या घेतो, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. एप्रिलनंतर जी काडी फुटते तिच्या डोळ्यात, म्हणजे पुढचा कोंब जिथून फुटतो त्या गाठीत, आतल्या आत ठरतं की पुढे इथे घड येणार का बाळी. डोळ्याला त्या दिवसांत ऊन मिळालं, काडी नीट थांबली, तर घड. ढगाळ राहिलं, झाडी दाट झाली, नत्र जास्त झालं, काडी नुसती पळत राहिली तर बाळी. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर जर पाऊस लागून राहिला तर डोळ्यात असलेला घड पण जिरतो आणि बाहेर येतो तो अर्धा घड अर्धी बाळी, चार मणी आणि पुढे नुसता दोरा. मला एका वर्षी पाऊण एकरात असं झालं होतं, छाटणीनंतर रोज सकाळी उठून ओळीतून फिरायचो आणि फुटीवर नुसत्या बाळ्या दिसायच्या, ते दिवस विसरत नाही.

कृषीवाले सर सांगायचे की घड आणि बाळी हा एकच अवयव आहे, मूळ एकच कोंब, त्याला परिस्थिती जशी मिळेल तसा तो होतो. म्हणजे वेलीच्या लेखी घड आणि आकडा ही एकच गोष्ट आहे. तुमचा शब्द विळ्यावरूनच आला असेल, माझं काही म्हणणं नाही, पण आमच्या मांडवाखाली घडाचा आकडा झालेला मी डोळ्यांनी बघितलाय.

कॉलेजरोड_फ्रेंच:

भाऊ हे तुम्ही जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. शब्दाची व्युत्पत्ती ही नाही, ते तुम्हीच म्हणताय, पण इतकी वर्षं मी हा शब्द शिकवतेय आणि वेलीत हे असं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

अंबडची_लॅब:

मी अंबड एमआयडीसीत एका औषध कंपनीत मायक्रोबायोलॉजीला आहे, आमच्याकडे पण द्राक्ष लपून बसलंय. स्टॅफिलोकॉकस नाव ऐकलं असेल, गळू वगैरे होतं त्याचा जंतू. ग्रीकमध्ये स्टॅफिली म्हणजे द्राक्षाचा घड आणि कॉकस म्हणजे दाणा. अलेक्झांडर ऑगस्टन म्हणून स्कॉटलंडचे सर्जन होते, त्यांनी पुवात हे जंतू बघितले, ते घोसानं असतात म्हणून १८८२ मध्ये हे नाव दिलं. मी पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली जांभळे जांभळे गोल घोसानं बघितले तेव्हा मला खरंच गावाकडच्या काळ्या द्राक्षाचा घड आठवला होता, पण नावातच द्राक्ष आहे हे खूप नंतर कळलं.

आणि लेबलवर ते उवास आहे ना, स्पॅनिश, ते लॅटिन उवा म्हणजे द्राक्ष. त्याचं लाडकं छोटं रूप युव्हुला, म्हणजे छोटंसं द्राक्ष, म्हणजे घशातली पडजीभ. आरशात आ करून बघा, लटकलेला मणीच आहे तो.

रेझिनचं पण सांगते. लॅटिनमध्ये रासेमुस म्हणजे घड, त्यावरून फ्रेंच रेझँ आलं. (म्हणजे बघा रेझिन पण मुळात घडच, फ्रेंचवाल्यांनी घडाचं फळ केलं आणि इंग्रजांनी त्या फळाचा बेदाणा.) केमिस्ट्रीत रेसेमिक म्हणतात, एकाच रेणूची डावी आणि उजवी रूपं समसमान मिसळलेली असली की रेसेमिक मिश्रण. ते नाव रेसेमिक ॲसिडवरून आलं आणि ते ॲसिड सापडलं वाईन बनवताना तळाशी जो क्षार बसतो त्यात. लुई पाश्चरनी १८४८ मध्ये त्याच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली चिमट्यानं एकेक वेगळे केले, डावे एकीकडे उजवे एकीकडे, तेव्हा तो अगदी पंचविशीतला पोरगा होता. आज आम्ही गोळ्यांमध्ये डावं उजवं तपासतो त्याची सुरुवात त्या द्राक्षाच्या गाळातून झालीये.

पंचवटीचे_काका:

सर्वांचं वाचून आनंद झाला. इंग्रजीचं इतकं निघालं तर आपल्या शब्दांचंही थोडं निघू द्या. बेदाणा हा फारसी शब्द आहे, बे म्हणजे शिवाय, जसं बेलगाम, बेभान, आणि दाना म्हणजे बी. बेदाणा म्हणजे बिनबियांचा. तेव्हा त्या पेटीवर थॉमसन सीडलेस लिहिलेलं असतं त्यातलं सीडलेस म्हणजे शब्दशः बेदाणाच. लेकीला सांगा की इंग्रजांनी घडाच्या नावानं वाळलेलं फळ ओळखलं आणि आपण बी नाही म्हणून ओळखलं. मनुका हा अरबी मुनक्का, म्हणजे साफ केलेलं, निवडून घेतलेलं. किसमिस पण फारसीतूनच. संस्कृतातलं द्राक्षा आपल्याकडे द्राक्ष होऊन राहिलं, आणि आपल्या जुन्या पंडितांनी तर कवितेची प्रत सांगायला पण हेच फळ घेतलं, जी कविता तोंडात टाकताच रस देते तो द्राक्षापाक आणि जी फोडून मग आत गोडी लागते तो नारिकेलपाक. लहानपणी आई ताप उतरल्यावर चार काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी बिया काढून द्यायची, बेदाणे सणालाच. त्यामुळे बी असणं नसणं हा फरक आमच्या जिभेवर पक्का होता.

करंट म्हणून जे छोटे काळे मनुके केकमध्ये असतात ते ग्रीसमधल्या कॉरिंथ गावाचे, रेझँ द कॉरिंथ असं म्हणत म्हणत पुढचं गळालं आणि गावाचं नाव तेवढं उरलं.

सिडको_वाचक:

मग ग्रेपवाइन पण सांगा कोणीतरी, ऑफिसात म्हणतात ना ग्रेपवाइनमधून कळलं म्हणून.

कॉलेजरोड_फ्रेंच:

ते अमेरिकेतलं. १८४४ मध्ये मोर्सनी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार पाठवली, पुढे सगळीकडे तारा पसरल्या, त्यानंतर ग्रेपवाइन टेलिग्राफ असं म्हणायला लागले, म्हणजे सरकारी तारेनं नाही तर वेलीसारखी वाकडी तिकडी कानोकानी आलेली बातमी. तिथल्या यादवी युद्धात फार चाललं. विंटेज म्हणजे मुळात द्राक्षाची काढणी, मग त्या वर्षीची वाईन, मग जुनी चांगली गाडी. व्हिनेगर म्हणजे फ्रेंच व्हँ एग्र, आंबट वाईन. व्हिन्येट म्हणजे छोटी वेल, जुन्या पुस्तकांच्या कडेला वेलबुट्टी काढायचे त्यावरून.

पॅकहाऊसवाली_निफाड:

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, आज दुपारच्या सुट्टीत लाईनवरच्या बायकांना मी मोबाईलवरून वाचून दाखवलं. बाळीचं वाचलं तेव्हा दोघी-तिघी लगेच म्हणाल्या हो आम्ही बाळ्या काढायला जातो की. पडजिभेचं ऐकल्यावर सगळ्या एकमेकींचे घसे बघत होत्या. काका बेदाण्याचं मला खरंच माहीत नव्हतं, सीडलेस सीडलेस दिवसभर म्हणतो आम्ही. मुलीचा ग्रेपफ्रूटचा प्रश्न मात्र राहिला, ती विसरत नाहीये.

कॉलेजरोड_फ्रेंच:

हो राहिलाच. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या जातीतल्या मोसंबीसारख्या गोड फळाचा संकर, वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटाकडचा. नाव छापलेलं सापडतं ते १८१४ मध्ये, जमैकातल्या जॉन लुनान यांच्या झाडांवरच्या पुस्तकात, आणि तिथं त्यांनी कारण दिलंय की चव द्राक्षासारखी लागते म्हणून. ज्यांनी ग्रेपफ्रूट खाल्लंय त्यांना हे पटायला अवघड आहे. बहुतेक लोक दुसरं कारण सांगतात की ती फळं झाडाला एकेक न लागता घोसानं लागतात. मला दुसरं जास्त पटतं, कारण मग ग्रेप शब्दातला जुना घड तिथं अजून जिवंत आहे असं होतं. तोफेतून उडवायच्या ग्रेपशॉटमध्ये पण तसंच, पिशवीत बांधलेले लोखंडी गोळे घडासारखे दिसायचे. लेकीला दोन्ही कारणं सांगा आणि तिला कुठलं पटतं ते इथे लिहायला सांगा.

आणि दिंडोरीच्या भाऊंना एक विनंती, तो अर्धा घड अर्धी बाळी असलेला फोटो तुमच्याकडे आहे का? माझ्या वर्गात पोरांना दाखवायचाय.

बागवाला_दिंडोरी:

त्या वर्षीचा फोटो नाही ताई, तेव्हा फोटो काढायचं सुचलं नाही. आत्ता माल काढणी चालू आहे, आता बघायला मिळणार नाही. ऑक्टोबरला छाटणी झाली की पंधरा-वीस दिवसांनी फूट बाहेर पडते तेव्हा प्रत्येक बागेत एखाद-दोन तरी तसे घड दिसतातच, कितीही चांगलं वर्ष असलं तरी. फोटो कशाला, पोरांनाच घेऊन या. पॅकहाऊसवाल्या ताई तुम्ही पण या मुलीला घेऊन, तेव्हा तुमचा सीझन नसतो. सकाळी लवकर या, फवारणीच्या आधी.